गोचीड न आलेलं पान

दरवाजा पहिला

शर्टाची घडी कुणी घाईत घातलेली नव्हती. बाह्या आत, कॉलर वर, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर चपलांचा जोड. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन होता. फोन चालू होता. शर्टाचा मालक तेवढा नव्हता.

जगदेवकाका उन्हं उतरायच्या आधी सापडले, डोहाच्या खालच्या अंगाला, बाभळीच्या उघड्या पडलेल्या मुळांत. दिवसभर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पैनगंगा इथं अशीच येते. पाऊस पडतो वर कुठंतरी, बुलढाण्याकडे, आणि डोहगावच्या बंधाऱ्याचे दरवाजे उचलले की लख्ख उन्हात पाण्याची भिंत चालत येते. आधी ओल्या गाळाचा वास येतो. वास आला म्हणजे उशीर झालेला असतो.

काठावर अर्धं गाव उभं होतं. पोलीस पाटील साधनाताईंनी फोन पिशवीतून काढला, पदराला बोटं पुसली आणि काच दाबली. तेच पान उजळलं, जे जगदेवकाकांनी शेवटचं उघडलं होतं. साधनाताईंनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"बंधाऱ्याचे पाच दरवाजे उघडत आहोत. नदीच्या पात्रातील सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे. गुरे, मोटारी, पाइप यांच्यासाठी कोणीही थांबू नये."

खाली काठच्या गावांची नावं होती, काय करावं, काय करू नये, पडदाभर. मराठीत, टपोऱ्या अक्षरांत, एकही चूक नाही.

म्हणजे जगदेवकाकांनी हे पान उघडलं. मग शर्ट काढला. घडी घातली. वर चपला ठेवल्या. आणि नदीत उतरले.

साधनाताईंनी मान वर केली. त्यांनी नदीकडे पाहिलं नाही. गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"हे पान तुयंच ना, धम्मे?"

दरवाजा दुसरा

धम्मदीपा त्यानंतर घरी आली तेव्हा आईनं काही विचारलं नाही. तिनं ताट वाढलं आणि दार आतून लावून घेतलं. डोहगावात दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही.

धम्मदीपा अमरावतीला कॉम्प्युटर शिकून आली होती आणि गावच्या पाणीवापर संस्थेचं काम बघत होती. बंधाऱ्याच्या खबरीचं पान तिनंच बनवलं होतं. पण ते उघडताना जीव खायचं. नदीकाठी नेटवर्कची एकच काडी, त्यात पान कितीतरी वेळ पांढरं राहायचं. तीन आठवड्यांपूर्वी तिला त्याचं कारण सापडलं आणि तिनं ते दुरुस्त केलं. पान टिचकीसरशी उघडू लागलं. गावानं तिचा सत्कार केला. शाल जगदेवकाकांनीच घातली, कारण शाळा समितीचे ते जुने अध्यक्ष, गावातला वडीलधारा माणूस. शाल घालताना ते तिच्या कानाशी म्हणाले होते, "बरं केलं पोरी. उशिरा उघडनारं पान कधीच चांगलं नसते."

ती शाल आता दांडीवर होती. धम्मदीपाला तिच्याकडे बघवेना.

कारण गावात एकच वाक्य फिरत होतं आणि ते खोटं ठरवता येत नव्हतं. पान हळू होतं तेव्हा कुणी मेलं नाही. पोट्टीनं पानाले हात लावला अन् मानूस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधनाताई आल्या. बाई उंच, आवाज खर्जातला, तोंडात बडीशेप. ठाण्यात कागद जायच्या आधी त्यांना हा मृत्यू कशाचा ते कळायला हवं होतं. त्यांनी जे विचारलं ते खाली दिलं आहे. उत्तरांची जागा कोरी आहे, कारण धम्मदीपानं बोटानं आणि मानेनंच उत्तरं दिली.

तू त्या पानात काय बदललं?

बदलल्यावर दरवाजे किती खेपा उघडले?

एकाच खेपेले? अन् त्याच खेपेले जगदेव गेला?

तुले भेव कायचं वाटून राह्यलं, पोलिसाचं का सोताचं?

शेवटच्या प्रश्नानंतर साधनाताई तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांची एक रीत होती. माणूस बोलेनासा झाला की त्या म्हणत, "सांगू नोको. करून दाखव."

धम्मदीपानं लॅपटॉप उघडला. एक ओळ दाखवली. एवढीच, ती म्हणाली. मग हळूहळू बोलती झाली. अक्षरं तारेतून अक्षरं म्हणून जात नाहीत, आकडे म्हणून जातात. कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर, हे पान पाठवणाऱ्या सर्व्हरनं, म्हणजे ते पान जिथं ठेवलंय त्या लांबच्या यंत्रानं, आधीच सांगायचं असतं. आपला सर्व्हर ते सांगतच नव्हता. मग फोन वाट बघायचा, शेवटी स्वतःच अंदाज करायचा आणि चुकायचा. घडीभर भलतीच वाकडीतिकडी अक्षरं यायची. खरी खूण तिनं घाईत पानाच्या पार तळाशी टाकली होती. ती सापडली की फोन सगळं पान पुन्हा पहिल्यापासून मागवायचा. आता सर्व्हर पहिल्याच दमात सांगून टाकतो. अंदाज नाही, दुसरी खेप नाही.

साधनाताईंनी बडीशेप चावली. "म्हंजे पाटी नसलेली एसटी. लोकं आधी चढतात, मंग इचारतात, मंग उतरून दुसऱ्या गाडीत बसतात. तू पाटी लावली."

"हो."

"याच्यात मानूस मरायसारखं काय हाये?"

धम्मदीपानं लॅपटॉप मिटला. तिला तेच विचारायचं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

दरवाजा तिसरा

बंधाऱ्याचे दरवाजे उचलणारे उकंडराव चौकीतल्या खाटेवर बसून बोलले. प्रश्न कोणते होते ते उत्तरांवरूनच कळतं.

"टाकला ना बाई. हुकूम आला, आधी पानावर मजकूर टाकला, मंग दरवाज्याले हात लावला. असं उलटं मी कधीच करत नाही."

"मिस कॉल? दिला ना. नदीत ज्याचं त्याचं काम असते, फोन उचलाले हात रिकामे नसतात. म्हून ठरलेलं हाये, उकंडाचा मिस कॉल आला की पान पाहाचं. बंद केले तरी मिस कॉल, उघडले तरी मिस कॉल. कोनी उचलत नाही, मी बी बोलत नाही."

"भोंगा वाजला नाही."

"बॅटरी नाही त्याच्यात. पोळ्यापासून नाही. कोन नेली मले काय मालूम. सांगतलं असतं तर माह्या नोकरीवर आलं असतं."

"या साली? चार खेपा उघडले. पहिल्या तीन खेपांले मी मिस कॉल देऊन वरून पाह्यलं, तं जगदेव सगळ्याइच्या आधी काठावर. बाकीचे पान वाचून राह्यले असत, हा मोटार सोडून वर आलेला."

"चौथ्या खेपेले..."

इथं उकंडरावांनी खिडकीकडे पाहिलं. धम्मदीपा दाराशी उभी होती. तिला चौकीच्या खिडकीतून नदीचं पात्र दिसत होतं, मधलं हिरवं बेट, बेटावर तांड्यातल्या मोतीबाईच्या शेळ्या. पाणी घोट्याएवढं. इतकं निरागस पाणी.

"चौथ्या खेपेले तो वर आलाच नाही. मी वरून पाहून राह्यलो होतो. दरवाजे उचलले होते, आता खाली येनार नव्हते. मी आवाज दिला. पान्यानं आवाज खाल्ला."

परतताना साधनाताई एवढंच म्हणाल्या, की तीन खेपा सगळ्यांच्या आधी वर येणारा माणूस चौथ्या खेपेला एक तर मरायला उतरतो, नाही तर त्याला कुणीतरी

दरवाजा चौथा

ढकलतं. ढकलणारा कोण, याचं उत्तर गावात तयार होतं. मुन्ना.

मुन्नाचं ट्रॅक्टर नदीतली रेती काढतं. जगदेवकाकांच्या मोटारीची नळी जिथं डोहात सोडलेली, तिथंच त्यानं खड्डा केला. नळीच्या तोंडाच्या जाळीत, जिला सगळे फुटबॉल म्हणतात, रेती जाऊन बसायची. पंधरवड्यापूर्वी दोघांची भर चौकात जुंपली होती. आणि त्या दुपारी काठावर दुसरं कुणी नव्हतं.

साधनाताईंनी मुन्नाला काही विचारलं नाही. ट्रॅक्टरचं झाकण उघडायला सांगितलं. आत बॅटरी होती, आणि बॅटरीवर पाणीवापर संस्थेचं नाव पांढऱ्या रंगात.

मुन्नानं त्या नावावर हात ठेवला. ट्रॅक्टर सुरू होत नव्हतं, भोंगा काही रोज वाजत नाही, दोन दिवसांत परत ठेवू म्हणून नेली, ती राहूनच गेली. हे सगळं त्यानं एका श्वासात सांगितलं आणि मग लहान पोरासारखा रडला. पण काकाले हात नाही लावला, तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

"मंग काय पाह्यलं? बोलू नोको. करून दाखव."

मुन्ना पुढं झाला. तो उंच वाटणारा, दांडगा गडी एकदम म्हातारा झाला, खांदे पाडून उभा राहिला. खिशातून न दिसणारा फोन काढला. काच दाबली. पाहिलं.

आणि हसला.

ते हसू मुन्नाचं नव्हतं. सुटल्यासारखं, हलकं हसू होतं ते. मग मुन्नानं न दिसणारा फोन पिशवीत बांधला, शर्ट काढायचं सोंग केलं, बाह्या आत, कॉलर वर.

"हे असं," मुन्ना म्हणाला. "पाह्यलं, हासला, अन् फुटबॉल साफ कराले उतरला. पाच गेट उघडले वाचून कोनी हासते का, ताई?"

दरवाजा पाचवा

पान उघडत आहे.

(त्या दुपारभर धम्मदीपा घरात बसून राहिली. शेजारच्या गिरणीचा आवाज वाढला की तिला पाणी आल्यासारखं वाटे आणि ती पाय वर घेई. पान वेळेवर पोचलं होतं. पान बरोबर होतं. पान वाचून माणूस हसला होता. पान उशिरा पोचलं असतं तर निदान गुन्हा कुठं आहे ते तरी कळलं असतं.)

पान उघडत आहे.

दरवाजा सहावा

चतुराबाई, जगदेवकाकांची बायको, ओसरीवर बसली होती. तिनं साधनाताईंना बसायला सतरंजी दिली आणि धम्मदीपाकडे पाहून म्हटलं, तू बी बस माय. एवढंच. धम्मदीपाला त्या चार शब्दांचं ओझं झालं.

खुंटीवर चष्मा लटकत होता. जगदेवकाकांचा, काळ्या काड्यांचा, गावानं रोज पाहिलेला. सकाळी चहाच्या टपरीवर चष्मा लावून ते पेपर उघडायचे आणि मग शेजारच्याला म्हणायचे, वाच बरं मोठ्यानं, सगळ्याइले ऐकू जाऊ दे. लोकांना ती त्यांची थोरवी वाटायची.

चष्मा घरी राहिला, म्हणून त्यांना पान वाचता आलं नसेल. धम्मदीपाला हे सुचलं आणि तिचा श्वास मोकळा झाला. म्हाताऱ्या माणसाचा साधा विसर. कुणाचाच दोष नाही. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

साधनाताईंनी खुंटीवरून चष्मा काढला, स्वतःच्या नाकावर चढवला आणि अंगणाकडे पाहिलं. मग हाताच्या रेषा पाहिल्या. मग तो धम्मदीपाला दिला.

धम्मदीपानं लावला. तुळस तशीच दिसली. भिंतीवरच्या भेगा तशाच. दिनदर्शिकेतली बारीक अक्षरं जशीच्या तशी, ना मोठी ना लहान.

त्या साध्या काचा होत्या.

चतुराबाईनं चष्मा परत घेऊन पदरानं पुसला. मग ती बोलली, नदीच्या दिशेला बघत.

"मले पहिल्यापासून मालूम होतं. सही येत होती, बाकी काही नाही. लेकराइच्या शाळेपायी जन्मभर भांडला, अन् सोता... त्याची झाकलेली मूठ होती. मी कायले उघडू?"

तिला जगदेवकाकांवर राग नव्हता. उलट तिनं कौतुकानं सांगितलं, की फोनचं मात्र त्यांना बरोबर समजायचं. मिस कॉल आला की पाहायचे आणि चुकत नसत कधी. एवढंच काय, तांड्यातल्या मोतीबाईलासुद्धा त्यांनीच पान बघायला शिकवलं, ह्याच ओसरीवर, मागच्या साली.

साधनाताईंच्या तोंडातली बडीशेप थांबली.

"मोतीबाईले?"

"हो ना बाई. तिले आयकू येत नाही, भोंगा तिच्या काय कामाचा? म्हून शिकवलं."

साधनाताई उठल्या. चतुराबाईच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि धम्मदीपाला डोळ्यानं खुणावलं. वाट नदीची होती. मोतीबाई आजही बेटावर शेळ्या घेऊन असणार. जगदेवकाका गेले त्या दिवशी ती केनवडच्या बाजारात होती म्हणून

दरवाजा सातवा

वाचली.

चालता चालता साधनाताईंनी सगळं मांडलं. त्या घाईघाईनं बोलत नव्हत्या, पण पाय भराभर टाकत होत्या. पान बरोबर होतं आणि वेळेत होतं, म्हणून उकंडराव सुटला. मुन्ना खोटं बोलत असता तर त्यानं हसू कशाला सांगितलं असतं? रडणं सांगितलं असतं, कुणीही विश्वास ठेवला असता. मरायला निघालेला माणूस फुटबॉल साफ करायला उतरत नाही. म्हणजे जगदेव पान पाहून खरोखर बिनघोर झाला होता.

"त्याले अक्षर येत नव्हतं. तरी तीन खेपा तो सगळ्याइच्या आधी वर आला. म्हंजे त्या पानावर तो काहीतरी पाहे. अन् ते त्यानं मोतीबाईले शिकवलं. मोतीबाईले आयकू येत नाही, वाचता येत नाही. आता तूच सांग धम्मे. त्यानं तिले काय शिकवलं?"

धम्मदीपा वाटेत थांबली.

उशिरा उघडनारं पान कधीच चांगलं नसते.

दरवाजे बंद असले की पानावर एकच ओळ असायची. सर्व दरवाजे बंद आहेत. उघडले की पडदाभर मजकूर. तिनं स्वतःच्या फोनमध्ये तेव्हा शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि एकदाही पाहिलं नव्हतं: पान पांढरं, पांढरं, मग घडीभर ती वाकडी अक्षरं. बंद असताना चिमूटभर. उघडले असताना ओळीमागून ओळी, पडदा गच्च. आपलं एक अक्षर चुकून वाचलं की त्याची तीन होतात, आणि त्यांत पुन्हापुन्हा येणारी एक खूण असते, बारीक गोल आणि त्याला चार कोपऱ्यांना चार पाय. वाचणारे लोक ती घडी जाऊ देत. त्यांना ती खराबी वाटे. पण जो वाचू शकत नाही त्याच्यासाठी खरं पान तेवढंच होतं. नंतर जी शुद्ध मराठी यायची ती एक ओळ असो की पडदाभर, तिच्याकडे तो बघतही नसे.

उशीर आणि गच्च पडदा म्हणजे पाणी.

लगेच आणि स्वच्छ म्हणजे काही नाही. उतर, फुटबॉल साफ कर.

"मी काढलं ते," धम्मदीपा म्हणाली. "त्यांना तेवढंच वाचता येत होतं, ताई. मी ते काढून टाकलं."

साधनाताईंनी तिचा दंड धरला. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ठान्याच्या कागदात अपघात लिहीन. भोंग्याचं अन् बॅटरीचं बी लिहीन. तुया मनात काय लिहाचं ते मंग पाहू. आधी मोतीबाई."

तेव्हा धम्मदीपाच्या मुठीतला फोन थरथरला आणि लगेच थांबला.

उकंडरावांचा मिस कॉल.

तिनं पान उघडलं. ते टिचकीसरशी उघडलं. बंधाऱ्याचे चार दरवाजे उघडत आहोत.

दोघी टेकाडावर होत्या. खाली पात्र, मधोमध बेट, बेटावर मोतीबाई काठाकडे पाठ करून बसलेली, आजूबाजूला शेळ्या. तिच्या ओटीत काहीतरी चमकलं. तिनं फोन वर धरला. पाहिला.

पुन्हा ओटीत ठेवला. आणि पाय पसरले.

साधनाताई धावल्या. चप्पल एकीकडे, पदर हातात घेऊन फडकवत, मुन्नाच्या नावानं हाका मारत. मुन्नाचं ट्रॅक्टर खालच्या वळणावर होतं, तिथून बेटाला जायला मोठा फेर. मोतीबाईला हाक ऐकू जात नाही. मोतीबाईची पाठ आहे. दरवाजे उचलले की खाली येत नाहीत.

धम्मदीपा धावली नाही. ती होती तिथंच बसली, मातीत, आणि फोनवर सर्व्हरचा दरवाजा ठोठावू लागली. एकच काडी. पांढरं. तिचा अंगठा घामानं घसरत होता, काच बोट मानत नव्हती. पांढरं. तिच्या मनात आलं, की जगदेवकाका असंच बघत बसत असतील, ह्याच पांढऱ्याकडे, जीव मुठीत धरून, आणि कुणालाही सांगता येत नसेल कशाची वाट बघतोय. मग पासवर्डाची चौकट आली. मग ती ओळ. तिची ओळ, जिच्यासाठी शाल मिळाली.

तिनं ती खोडली.

मग उकंडरावांना फोन लावला. त्यांनी सवयीनं तो उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला. "मामा, मोतीबाईले पुन्हा मिस कॉल द्या. इचारू नोका. द्या."

तिनं स्वतःचं पान पुन्हा उघडलं.

पांढरं.

गाळाचा वास आला.

पांढरं. पांढरं. आणि मग वरून खालपर्यंत, ओळीमागून ओळी, काच भरून ते आले. गोल अंगाचे, चार पायांचे, एकमेकांना चिकटून, जनावराच्या कानात बसतात तसे. धम्मदीपाला शिसारी आली आणि रडू आलं. तिनं मान वर केली.

बेटावर मोतीबाई हातातल्या फोनकडे बघत होती. बघतच होती.

मग ती उठली. इकडंतिकडं पाहिलं नाही, कुणाला हाक मारली नाही. पुढच्या शेळीला काठी घातली, लहान करडू बगलेत मारलं आणि उथळ पाण्यातून सरळ काठाकडे निघाली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, झपाझप, ज्या बाईला कुठं जायचं ते पक्कं ठाऊक आहे तशी. मागची शेळी काठाला लागली तेव्हा वळणावरून पाण्याचं तपकिरी तोंड दिसलं. थोड्याच वेळात बेट नव्हतं.

साधनाताई वाळूवर बसून धापा टाकत होत्या. मुन्ना ट्रॅक्टर तसंच सोडून धावत आला होता आणि आता त्याला काय करावं कळत नव्हतं. तो शेळ्या मोजल्यासारखं करत राहिला.

मोतीबाई टेकाडावर आली. तिनं करडू खाली ठेवलं. धम्मदीपाच्या तोंडाकडे पाहिलं, तिथं काय दिसलं कुणास ठाऊक, आणि तिच्यापुढं फोन धरला. एव्हाना त्यावर शुद्ध मराठी आली होती. मोतीबाईनं त्या मराठीवर दोन बोटं टेकवली, चिमटीत काहीतरी उचललं आणि अंगठ्याच्या नखावर चिरडून दाखवलं, शेळीच्या कानातला गोचीड चिरडतात तसा.

मग ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात ती म्हणाली,

"लय दिसापासून आले नोते. मले वाटलं, मेले सगळे."